उजव्या डोळ्यातल्या काकू

थ्रीडीचं नाव काढलंस म्हणून सांगतो. लातुरात आमच्या महेशच्या रॉक बँडचा कार्यक्रम आम्ही थ्रीडीत शूट केला होता. त्याला दोन कॅमेरे लागतात, एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्याचा, आणि दोघांनी एकाच जागी बघायचं असतं. डावा माझ्याकडं होता, उजवा बसूकडं. बसू कायम लग्नं शूट करणारा. शेवटचं गाणं संथ लागलं, आणि पाठवणीला वळतो तसा त्याचा कॅमेरा आपोआप आईकडं वळला, प्रेक्षकांत बसलेल्या महेशच्या आईकडं. घरी महेशनं गिटार काढली की या काकू स्वयंपाकघरात मिक्सर चालू करायच्या.

नंतर त्यांच्याच घरी प्रोजेक्टर लावून भिंतीवर पाहिलं. चष्मा लावला तर डाव्या डोळ्याला स्टेजवरच्या धुरात महेश गातोय, उजव्याला काकू, त्यामुळं त्याच्यातच काकू उमटतायत, विरघळतायत, परत उमटतायत. त्यांचे ओठ हलत होते. सगळं गाणं त्यांना पाठ होतं.

बसू म्हणाला, "लई चुकलं. हे काढून टाकतो."

"न्हाई, राहू दे," महेश हळूच म्हणाला.

मागं काकूंनी चष्मा काढला. "मला स्टेजवर घ्यायचं होतं तर आधी सांगायचं की रे. पदर तरी नीट घेतला असता."