डोंगरावरची बदली

मन्हं नाव दगा. मन्ह्या आधीचे दोघं भाऊ जगले नाहीत, म्हणून आईनं असं वंगाळ नाव ठेवलं, की मरणाची नजर पडायला नको. गाव खापर. पंधरा-सोळा वर्षं कचेरीत पट्टेवाला होतो म्हणून तुमच्याशी तुमची मराठी बोलतो, राग आला की मन्ही बोली येते, तेवढं सांभाळून घ्या.

बाप बैलांना नाल ठोकायचा. काय सांगू तुम्हाले, बैल आला की तो आधी त्याला चालवून पाहायचा, खूर उचलून पाहायचा, अन मालकाला सांगायचा, भाऊ, हा चढणीचा बैल शे, याला घाटात जुंप, अन हा नदीकाठचा शे, याला वर नेशील तर बसून जाईल. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं त्यानं. आणि आमच्या कचेरीत बुकं शिकलेला माणूस बसायचा, त्याला एवढंही कळत नव्हतं.

कचेरी कुठली ते लिहू नका, मन्ही पेन्शन शे. मास्तर नेमायचे, बदलायचे, त्यांच्या नावावर शेरे मारायचे, हे सगळं एका टेबलावर चालायचं, त्याला आस्थापना म्हणायचे, आणि तिथं आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब बसायचे. परीटघडीची टोपी, तोंडात पान, खिशाला लाल शाईचा पेन. डोंगर त्यांनी फक्त खिडकीतून पाहिलेला. कायदा कुठं लिहिलेला नव्हता पण सगळ्यांना पाठ होता, की पुढं पुढं करणाऱ्या मास्तरला विसरवाडीसारखी सडकेवरची शाळा, दारात बस, आणि उलट बोलणाऱ्याला सातपुडा. म्हणजे चिडलेला, पिणारा, कोणाला नको असलेला मास्तर डोंगरातल्या पोरांच्या वाट्याला, आणि वर भाऊसाहेब म्हणायचे, हे लोक शिकतच नाहीत. अरे तू काय पाठवलं रे त्यांना शिकवायला!

काशिनाथ गुरुजी असेच वर गेले. रजेचा अर्ज कचेरीनंच हरवला असं तोंडावर म्हणाले, झालं. खापरहून अर्धा दिवस चालत तो पाडा. मी टपाल आणि खडू घेऊन दर दोन महिन्यांनी जायचो. पोरांना मराठी येईना, यांना भिलोरी येईना. मग गुरुजी पोरांनाच विचारायचे, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता, आधी स्वतः शिकले आणि मग शिकवलं. दुसऱ्या वर्षी शाळा अशी भरली की पोरी शेळ्या बाहेर बांधून आत बसायच्या. पाड्याच्या कारभाऱ्यानं गुरुजींना कुडाची खोली बांधून दिली.

मी खाली आलो तर भाऊसाहेब विचारतात, काय रे दगा, तुझा काशिनाथ रडतो की नाही? मी येडा, मला वाटलं चांगलं सांगितलं तर चांगलं होईल. म्हटलं, नाही भाऊसाहेब, भलते सुखात शेतस, म्हणतात मला इथंच राहू द्या. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवला. सुखात? डोंगरावर कोणी सुखात असतो का रे? नक्की लाकडाचा नाहीतर दारूचा धंदा करत असेल, आणा त्याला खाली, नजरेखाली.

तो हुकूम न्यायला मीच. वाटेत ओढा लागतो, कागद पाण्यात टाकावा असं वाटलं, पण नोकरीची भीती. गुरुजींनी वाचला, घडी केली, पोरांना म्हणाले, शिकलेलं विसरू नका. कारभारी मला विचारतो, कोणी सांगितलं रे कचेरीत? मी टपालाची थैली उचलून वाट धरली. लाज वाटली, आजही वाटते.

नवा मास्तर पाड्यावर कधी गेलाच नाही. खापरला सासुरवाडीत बसून मस्टरवर सह्या करायचा. भाऊसाहेब मस्टर पाहून म्हणायचे, बघ, किती नियमित माणूस! बठ्ठी शाळा ओस पडली अन हे म्हणे नियमित!

गुरुजींना खाली आणून तापीकाठच्या एका गुजरांच्या गावी बसवलं होतं, वर्षभरानं तिथं टपाल घेऊन गेलो. तिथं आधीच चार मास्तर होते, गुरुजी पाचवे, कोपऱ्यात बसून दौती भरत होते. मला पाहून आधी पाड्यावरच्या पोरांची नावं घेऊन विचारायला लागले.

परत आलो. भाऊसाहेबांनी विचारलं, कसा आहे तो? म्हटलं, मजेत शेतस, केळी खातात, उसाचा रस पितात, अंग भरलं पहा. एकच धास्ती घेतली, रोज देवाला हात जोडतात, बाबा, पुन्हा डोंगर नको. भाऊसाहेबांचा चेहरा असा फुलला! त्याच आठवड्यात हुकूम निघाला, आणि सर्व्हिस बुकात लाल शाईचा शेरा, उद्धट, म्हणून दुर्गम भागात रवानगी. तो शेरा बसला की हेडमास्तरकी जन्मात नाही.

मी गुरुजींचे पाय धरले. म्हटलं, मी खोटं बोललो, तुमच्या नावाला डाग लागला. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, खापरची बस कितीला आहे?

भाऊसाहेब निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ, भाषणं, म्हणे माणसांची पारख असलेला अधिकारी. हाराचं ताट मन्ह्या हातात होतं. मन्हा बाप बैलाचा खूर तरी उचलून पाहायचा रे!

आता मीही घरी बसलो. गुरुजी अजून वरच शेतस, हेडमास्तर काही झाले नाहीत. मागच्या बाजाराला कारभाऱ्याची नात खाली आली होती, मन्ही पेन्शनची चिठ्ठी तिनं घडाघडा वाचून दाखवली. देव भाऊसाहेबांना उदंड आयुष्य देवो. पण त्यांच्या टेबलावर आता त्यांचाच पुतण्या बसतो, तोच पेन घेऊन. म्हणून तुम्ही हे लिहाल तर एवढं करा भाऊ, शेवटी लिहा, की काशिनाथ गुरुजी डोंगरावर रोज रडतात.