अडतीस जणांची एक नोंद

विलाई : एकच मजकूर म्हणजे एकच पुस्तक? हे तुला कोणी शिकवलं, थवीप? मी तरी नाही.

थवीप : ताई, आधी बसा. नोंदींचं काम आता आपल्या ग्रंथालयात होत नाही. पाच विद्यापीठांनी मिळून ते एका सामायिक नोंदणी केंद्राला दिलंय. त्यांना एकच प्रवचन अडतीस पुस्तकांत छापलेलं दिसलं. एक प्रत ठेवली, बाकीच्या जादा ठरवल्या.

विलाई : प्रवचन मागे असतं रे. पुढची पानं उलटली का कोणी? फोटो, जन्मगाव, मुलंबाळं, शेवटचं दुखणं. दहनाच्या दिवशी घरच्यांनी वाटलेली पुस्तकं ती. तुझ्या वडिलांच्या वेळी तूही वाटलीस की. मी हात जोडून घेतलंय तुझ्याकडून.

थवीप : केंद्रातल्या मुलींना दिवसाला दोनशे नोंदी उरकायच्या असतात. पुढची पानं कधी बघणार त्या?

विलाई : मुलींना मी काही बोलतेय का? त्या नियमाने वागल्या. नियमाखाली सही तुझी आहे. वीस वर्षं मी एकेक पुस्तक गेलेल्या माणसाच्या नावाने नोंदवलं, आणि तू एका सहीत सदतीस माणसं पुसलीस.

थवीप : माझ्या लक्षात नाही आलं.

विलाई : तीन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या मी.

थवीप : वाचल्या. वाटलं, हातचं काम गेलं म्हणून तुम्ही चिडलायत.

विलाई : चिडले होतेच. आता तर अंगाची आग होतेय. खाली बुनयंग आजोबा बसलेत, पाकफनांगहून आलेत. पुरात घर गेलं, बायकोच्या दहनाला वाटलेल्या पुस्तकाच्या घरातल्या सगळ्या प्रती गेल्या. तिचा एकही फोटो उरला नाही त्यांच्याकडे. संगणकावर तिचं सायबुआ हे नाव घातलं, तर काहीच सापडत नाही.

थवीप : थांबा, जादा प्रतींचे गठ्ठे अजून गोदामात असतील. विचारतो.

(फोन लावतो, ऐकतो, खाली ठेवतो.)

थवीप : गाडी सोमवारीच गेली. कागदाच्या कारखान्यात. लगदा झाला असेल आतापर्यंत.

विलाई : तिथेही तुझीच सही लागली असेल.

थवीप : हो.

विलाई : लाज वाटते मला. तुला हे काम मी शिकवलं.

थवीप : मी सांगतो त्यांना जाऊन.

विलाई : तूच सांग. मी 'शोधून आणते' म्हणून वर आलेय.

थवीप : ते काय म्हणाले?

विलाई : म्हणाले, सावकाश शोध, पोरी. आज मी चष्मा घेऊन आलोय.