जिवंत सासूचं सुतक

कोलकात्यात गरियाहाटच्या मासळीबाजारात, रांगेत उभ्या तपतीच्या पुढेच कवी निशीथबाबूंची बायको उभी होती. तिच्या एका शेजारणीनं तिला हटकलं, तशी तपती मागे उभी राहून ऐकू लागली.

"वहिनी, घरात सासूचं सुतक, आणि तुम्ही रोहू घेताय?"

"कसलं सुतक? ठणठणीत आहेत त्या!"

"अहो, दुर्गापूजेच्या विशेषांकात निशीथदांची कविता आलीय ना, आईच्या चितेवर! मी ढसाढसा रडले."

"अख्खी आळी रडली! यांनी कविता लिहायची आणि ताप माझ्या डोक्याला. सकाळपासून लोक सुतकाची म्हणून फळं आणून देताहेत. सासूबाई वरच्या खोलीत बसून खाताहेत."

"अगंबाई! त्यांना कविता कळली?"

"मीच वाचून दाखवली. म्हणाल्या, 'कवितेत रात्रभर माझे पाय चेपलेत त्यानं. त्याला म्हणावं, एकदा जिना चढून ये. पाय अजून आहेत.'"