चौकातली माफी

वडगावच्या आमच्या दादू अण्णाचं ऐकलंस काय रं? साड्या विणणारा साधा माणूस. नळाला पाणी न्हाय म्हणून वॉर्डाच्या सभेत नगरसेवकाला म्हणाला, "तुमच्यापेक्षा गाढव बरं, ते वझं तरी उचलतंय."

झालं, अपमानाची तक्रार! फौजदार म्हणाला, "चौकात माफी मागा, मिटवून टाकू."

लेकीचं लगीन ठरलेलं, म्हणून अण्णानं भर चौकात हात जोडले. लोक हसत व्हिडिओ काढत होते. संध्याकाळपातूर तो व्हिडिओ लेकीच्या होणाऱ्या सासरी पोचला.

अण्णा परत ठाण्यात गेला, मी संगं होतो. म्हणाला, "सायेब, आता माझा अपमान झालाय. माझीबी तक्रार घ्या."

फौजदारानं वर बघितलं. "तुमचा कसला अपमान? तुम्ही कोण?"

अण्णा वळला नि घरला आला. तवापासनं कुणाशी बोलत न्हाय.