तळाचं रीडिंग

या भूमीच्या मूळ आदिवासी वारसदारांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना पहिला नमस्कार. समारंभाचे अध्यक्ष व आपल्या संचालक मंडळाचे प्रमुख श्री. बेव्हन लडविग, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आपण शुक्रवारची कामं टाकून जमलो त्या प्राचार्या देस्ली हार्कनेस, त्यांचे यजमान, तिसऱ्या रांगेतले गावातल्या कारखान्याचे पाहुणे, आणि बोलिंग क्लबच्या या सभागृहात लॅमिंग्टन केकच्या ताटांवर डोळा ठेवून बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

बेव्हनसाहेबांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं, "मर्व्ह, गोड बोल आणि लवकर बस." लवकर बसण्याचा शब्द देतो.

देस्लीबाई एकोणीस वर्षांपूर्वी आल्या तेव्हा आपली प्रशिक्षण संस्था म्हणजे दोन कंटेनर आणि एक गळका नळ होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका प्रशिक्षकाचे कागद मागवले. तीस विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा, शाई एक, अक्षर एक, खाडाखोड शून्य. बाई म्हणाल्या, "ही परीक्षा आहे की लग्नाची पत्रिका?" त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळला. त्या दिवसापासून आपल्याकडे नियम झाला: जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यावर खूण करायची नाही. टाळ्या वाजवायच्या तर इथे वाजवा. मनापासून सांगतो, या गावात असा नियम कुणी केला नव्हता.

माझ्याविषयी दोन वाक्यं, कारण पुढच्या गोष्टीत मी आहे. मी कुठल्याही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. बॉयलर जोडणाऱ्यांच्या हाताखाली राबलो आणि सरकारी मानकांचं पुस्तक जेवणाच्या सुट्टीत, सँडविचचे तुकडे पानांवर सांडत, ओळ न ओळ वाचलं. बंदिस्त टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी काय तपासायचं, याचं चौदा पानी परीक्षापत्र मी एकट्याने तयार केलं. सरकारी तपासनीस आले, त्यांनी ते वाचलं आणि नमुना म्हणून प्रत मागून नेली. ती गोष्ट मी किती बार्बेक्यूंमध्ये सांगितली आहे, ते इथल्या बायकामंडळींना विचारा.

त्या परीक्षापत्राचं नववं पान. वायू मोजण्याच्या यंत्राला नळी लावून ती आत सोडायची. वरचं रीडिंग, मधलं रीडिंग, तळाचं रीडिंग. तीन चौकटी. का तीन? कारण जो वायू माणूस मारतो तो जड असतो, तळाशी दबा धरून बसतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की वास येणंच बंद होतं, आणि माणसाला वाटतं, आता हवा चांगली आहे.

आपली सरावाची जुनी टाकी जमिनीत सहा मीटर खोल होती. तीन वर्षांपूर्वी ती धोक्याची ठरवून बुजवली आणि नवी आणली. चाकांवरची, माझ्या खांद्याइतकी उंच, बाजूला दार असलेली. निर्णय चुकीचा होता का? मुळीच नाही. विद्यार्थ्याला इजा होऊ नये, हेही मानकांतच लिहिलेलं आहे. तपासनिसांनी त्याबद्दल शाबासकीच दिली. पण टाकी बदलली आणि परीक्षापत्र तेच राहिलं. नव्या टाकीच्या तोंडातून हात कोपरापर्यंत घातला की वर, मध्ये, तळ, सगळं एका दमात उरकायचं. तिन्ही चौकटींत खूण केल्याशिवाय संगणक पुढचं पान उघडत नाही. मी खुणा केल्या. त्रेसष्ट जणांच्या. प्रत्येक खूण डोळ्यांनी पाहून, नियमाप्रमाणे. हात आत गेलेला मी पाहिलाच होता ना!

आता मंगळवारचं सांगतो. एका वेगळ्या कामासाठी मी कारखान्यात गेलो होतो. एका टाकीच्या तोंडाशी आपली ब्रायोनी टेट उभी. चाळिशीची बाई, आधी कोळंबी सोलायची, गेल्या वर्षी आपल्या परीक्षेत पहिली आली. खाली उतरायला दोघे तयार उभे. तिने यंत्र धरलेला हात तोंडातून आत घातला, कोपरापर्यंत, आकडा पाहिला आणि म्हणाली, "चला रे, उतरा."

मी ओरडलो, "थांबा! ब्रायोनी, तळाचं रीडिंग कुठाय?"

ती हसली. "घेतलं की, मर्व्ह. म्हातारपणी डोळे गेले काय तुझे?"

"नळी कुठाय?"

"कसली नळी?" आणि मग, जरा लागल्यासारखं, "तू शिकवलंस तस्संच करतेय मी."

ती टाकी अकरा मीटर खोल होती. नशिबाने रिकामी आणि धुतलेली. परत आल्यावर मी आपल्या भांडारात गेलो. नव्या यंत्राबरोबर आलेली सहा मीटरची नळी खोक्यात होती, बनवणाऱ्या कंपनीचं सील जसंच्या तसं.

बुधवारी सकाळी मी प्राचार्यांच्या खोलीत गेलो, पत्र टाइप करून. मजकूर साधा आहे: ही त्रेसष्ट प्रमाणपत्रं आम्ही मागे घेत आहोत, या लोकांना पुन्हा शिकवून होईपर्यंत टाकीच्या तोंडाशी उभं करू नका. देस्लीने ते दोनदा वाचलं.

"मर्व्ह, महिन्याभरात नोंदणीचं नूतनीकरण आहे. हे पत्र गेलं की संस्थेला टाळं लागेल."

मी म्हटलं, "लागेल कदाचित."

"आणि तुझं ते परीक्षापत्र? नावं ठेवतील तुला."

"ठेवू देत."

तिने पत्र घडी करून मला परत दिलं. म्हणाली, "शुक्रवारचा समारंभ तेवढा होऊ दे. मग बघू." बेव्हनसाहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले, "अरे बाबा, नवा प्राचार्य पुढच्या बुधवारी येतोय, त्याला करू दे की." आणि कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी सोमवारी बंद होतोय. चोवीस टाक्या उघडणार आहेत.

खाली बसा, बेव्हनसाहेब. माझी पाच मिनिटं अजून झालेली नाहीत.

देस्ली, अशा पत्रावर प्राचार्यांची सही लागते, आणि तुझा अधिकार आज पाच वाजता संपतो. आता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. पत्र तुझ्या पुष्पगुच्छाखाली ठेवलंय. मी तुला अडचणीत आणतोय, हे मला कळतं. पण लग्नाची पत्रिका ओळखणारी बाई या गावात एकच होती.

कोण बोललं? रोझलिन, तू? मंडळी, या रोझलिन स्ट्रूथर्स, कारखान्याची सुरक्षा सांभाळतात. उभी राहून बोल, मागे ऐकू जात नाही.

"मर्व्ह, सोमवार नाही. काम अलीकडे ओढलंय. नऊ नंबरची टाकी आज साडेतीनला उघडली."

नऊ नंबर. ती धुतलेली आहे?

"नाही. तळाशी गाळ आहे, तो काढायलाच उतरणार होते."

तोंडाशी कोण आहे?

"ब्रायोनी."

तिला फोन लाव. बाहेर जाऊ नकोस, दारापाशी रेंज जाते, इथूनच लाव. ती फोनचा खिसा बंद करून ठेवते, उचलायला वेळ लागेल, वाजू दे. बाकीच्यांनी कृपा करून कप खाली ठेवा.

देस्लीने पेन काढलंय, ते मला दिसतंय. तिचे आभार मानतो. अध्यक्षांचे, क्लबचे आणि आपण सर्वांनी ऐकून घेतलंत त्याबद्दल आपलेही. गोड बोलायचं सांगितलं होतं, ते जमलं नाही. या भाषणात जे उणं-अधिक झालं असेल त्याची क्षमा असावी. नवव्या पानावर माझ्या हातून जे झालं, त्याची क्षमा मी इथे मागत नाही. ती कुणाकडे मागायची, हे ब्रायोनीने फोन उचलल्यावर कळेल.

रोझलिन, अजून वाजतोय?