खुंटीवरचा मग

समुद्रकिनारी जर्मन पद्धतीचा एक बिअर हॉल आहे. नेहमीची गिऱ्हाइकं तिथे आपापला मातीचा मग भिंतीवरच्या खुंटीला टांगून ठेवतात. दुपारच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्क बाई आणि त्यांचा मुलगा उभे होते.

“आई, हॉलवाल्यांनी पाठवलेल्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय. मगाचा मालक गेल्यावर वर्षभरात त्यातून कोणी प्यायलं नाही, तर खुंटी दुसऱ्याला देणार. उद्या बाबांना जाऊन वर्ष होतंय. आपण मग घरी नेऊ.”

“घरी नेऊन काय करू? पेनं ठेवू त्यात?”

“बाबांची आठवण म्हणून.”

“घरात आठवणी काय कमी आहेत? इथे त्यांच्या मित्रांचे मग आहेत. त्यांच्यात राहू दे त्याला.”

“बरं, मी पितो.”

“तुला गाडी चालवायचीय. मी पिणार.”

“तू? तू कधी या दारातून आत आली नाहीस. बाबा आत आणि तू बाहेर बाकावर विणत.”

“ते बोलवायचे रे, दर रविवारी. मीच नाक मुरडायचे.”

आत लांब बाकावर मला त्यांच्या शेजारीच जागा मिळाली. वेटरने खुंटीवरचा मग काढला, धुतला आणि भरून बाईंसमोर ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

“कडू आहे.”

“झाला ना एक घोट? नियम तेवढाच आहे. चल आता.”

“बस खाली. ह्यांना एक मग संपवायला दोन तास लागायचे. मी बाहेर घड्याळ बघत बसायचे. आज आत बसून बघू दे.”