नॉर्मन माझ्या मांडीवर

...आणि वर आमची नात मलाच म्हणते, "आजोबा, हातमोजे घालायचे नाहीत हं." का? तर म्हणे त्याची मैत्री हातमोज्यांशी होईल! आता मला सांगा, ज्याच्या पाठीवर हजारो काटे त्याला उघड्या हातानं उचलायचं, आणि तेही या वयात, नवी ओळख वाढवायला? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी डुलूथच्या रस्त्यांवर बर्फ ढकलायची गाडी चालवली, वादळाला भ्यालो नाही, आणि हा मुठीएवढा हेजहॉग, साळिंदराचा धाकटा चुलतभाऊ म्हणा, मला बघितलं रे बघितलं की... फुस्स! आणि गोळा.

नाव काय, तर नॉर्मन. आमच्या नातीचा, ब्रिटाचा. कॉलेजच्या वसतिगृहात जनावर चालत नाही, म्हणून सप्टेंबरात पिंजरा, पळायचं चाक आणि वाळवलेल्या अळ्यांचा डबा आमच्या दिवाणखान्यात ठेवून गेली. जाताना म्हणाली, "नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला येते. तोवर तुमच्याशी रुळला तर राहील, नाहीतर फार्गोला एक बाई आहेत, असे चौदा पाळलेत त्यांनी, त्या नेतील." मी म्हटलं, नेऊ देत की. म्हटलं खरं... पण चौदांत पंधरावा? तिथं त्याला विचारणार कोण? मला वाईट वाटलं. निवृत्त झाल्यापासून मलाही कोणी विचारत नाही, तो भाग वेगळा.

मग ब्रिटाचा उपाय. अंगात घातलेला, न धुतलेला शर्ट पिंजऱ्यात ठेवायचा, म्हणजे आपला वास ओळखीचा होतो. मी म्हटलं द्यायचाच तर चांगला मुरलेला द्यावा, म्हणून उन्हाळाभर मासे पकडताना घातलेला काढला. नॉर्मननं तो हुंगला, चावला, आणि तोंडाला फेस! मान उलटी वळवून तो फेस स्वतःच्याच काट्यांना फासतोय! मी फोनवर ओरडलो, "अगं, पिसाळला हा!" ती तिकडे हसून बेजार. "आजोबा, नवा वास आवडला की ते अंगाला लावून घेतात." म्हणजे आमच्या माशांचं अत्तर लावून साहेब तयार, आणि मी हात पुढे केला तर? फुस्स... आणि गोळा.

तरी रोज जेवण झालं की तो गोळा मांडीवर घेऊन बसायचो. टोचतं का? टोचतं हो, न टोचायला काय झालं! पण सहाव्या दिवशी गोळ्यातून नाक बाहेर आलं. एवढंसं, ओलं, थरथरणारं. मी श्वास रोखून बसलो. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार! सोमवारी आमच्याकडे कपडे, जग बुडालं तरी. आर्लीननं, म्हणजे आमच्या हिनं, तो शर्ट धुतला.

"डेल, मेलेल्या माशाचा वास येत होता त्याला."

"अगं, तो माझा वास होता!"

"मग तर धुवायलाच हवा होता."

वर लव्हेंडरचं सुगंधी पाणी. नॉर्मनला वाटलं असणार, ही कोण नवी बाई आली? फुस्स... आणि गोळा. पुन्हा श्रीगणेशा, आणि ऑक्टोबर संपत आलेला.

मग मी हट्टाला पेटलो. पाच-पाच दिवस एकच शर्ट. चर्चमध्ये आमच्या बाकावर ऐसपैस जागा व्हायला लागली. बोलायचं तेही हळू... मी! इंजिनाच्या आवाजाच्या वरताण ओरडण्यात ज्याचा जन्म गेला तो मी, संध्याकाळभर कुजबुजतोय, हॉकीत आमच्यांनी गोल केला तरी टाळी मनातल्या मनात. आर्लीन म्हणाली, "हे जनावर मला चाळीस वर्षांपूर्वी कसं नाही मिळालं?"

आला थँक्सगिव्हिंग. ब्रिटा दारातून आत आली तीच हातात नॉर्मनला न्यायची पेटी घेऊन. "काय आजोबा, काय ठरलं?" मी नॉर्मनला मांडीवर घेतलं आणि खुर्चीत बसलो. दिवसा त्याची झोपायचीच वेळ, पण भरवसा नसेल तर तो मांडीवर झोपत नाही. सगळं घर बघतंय आणि मांडीवर काय? गोळा. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ब्रिटा पेटीचं झाकण उघडायला लागली... आणि तेवढ्यात नाक. मग दोन पाय. मग पोटावरून सरपटत माझ्या कोपराच्या बेचक्यात आला, सपाट पसरला, काटे सगळे आडवे पाडले आणि घोरायला लागला. "माझ्याकडे तो असा कधीच झोपला नाही हो," ब्रिटा पुटपुटली, आणि पेटी गाडीत ठेवून आली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, का खोटं बोलू?

आणि बरोब्बर तेव्हा ओव्हनमधून सणाची अख्खी भाजलेली टर्की बाहेर आली. आता आमच्याकडे टर्की मी कापतो. वडलांची सुरी, आधी पक्ष्याची मांडी सोडवायची, मग छातीचे पातळ आडवे काप. वर्षभरात एवढा एकच मान मला. "डेल, ये!" मी हातानंच नाही म्हटलं. मग आमच्या जावयानं, टॉडनं, सुरी उचलली. दातांचा डॉक्टर आहे तो, आणि तुम्हाला सांगतो, त्यानं कापलं नाही हो, उपटलं! खुर्चीतून मला सगळं स्वच्छ दिसतंय, छातीचा भुगा झालाय, सुरी हाडावर खरखरतेय, आणि वर पूर्ण नाव घेऊन मला विचारतो, "बरोबर चाललंय ना, डेलबर्ट?"

मी हसून मान डोलावली. काय करणार? बोललो असतो तर हा जागा झाला असता.